दिवे लावले

एकतीस वर्षं मी या शहरात दिवे लावले.
टोमणा नाही, खरोखरच लावले:
शिडीच्या गाडीवर चढून, डेन हागच्या खाऱ्या वाऱ्यात,
बोटं सुन्न होईपर्यंत.
आमच्या वस्तीतला खांब न् खांब मला नंबराने माहीत आहे.
परसामागचा चारशे सतरा
मान वाकवून कुंपणावरून आत बघतो.
निवृत्त झालो, आणि मला अंधार हवासा झाला.

परस ते केवढं. सात पावलं लांब, चार रुंद.
सायकलींची शेड, कोबीचा एक वाफा,
फरशीवर खडूच्या तीन खुणा,
तिपाईचे पाय रोज तिथेच टेकतात.
दक्षिणेला काचघरं.
तिथे टोमॅटोंना रात्र होऊच देत नाहीत.
ढग आले की त्यांची पोटं गुलाबी होतात;
निरभ्र असलं तरी तो रंग असतोच,
सांडलेला चहा पुसूनही राहावा तसा.

एप्रिलमध्ये डोक्यावर अरुंधती केश येतं.
त्यात एक दीर्घिका आहे, कडेने दिसणारी,
सुईसारखी.
तिचा उजेड चार कोटी वर्षं चालत आलाय.
कुठे अडला नाही, कुठे वळला नाही,
आणि शेवटच्या तीस फुटांत
माझ्या दिव्यांपुढे हरवतो.

डोळ्यांना काही दिसत नाही.
कॅमेरा तीस सेकंद उघडा ठेवतो: राखाडी चिखल.
पुन्हा तीस: चिखल, त्यातून गेलेलं विमान.
पुन्हा: चिखल, आणि कुठल्याशा उपग्रहाचा ओरखडा.
असे चारशे चिखल एकावर एक रचायचे,
मग गाळ हळूहळू खाली बसतो,
म्हणतात.

जुने सोडियमचे दिवे परवडले.
एकाच पिवळ्या रंगाचे, सरळमार्गी चोर;
पुढे एक काच धरली की बाजूला व्हायचे.
हे पांढरे, नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत,
मीच बसवले.
यांच्यात सगळे रंग आहेत, ताऱ्यांचेसुद्धा.
काय गाळणार, काय ठेवणार?
बायको असती तर म्हणाली असती,
"सीब्रंट, चांगले दिवे लावलेस!"

राहिला कलावती रामधनीचा दिवा.
मागच्या दारावरचा, पिवळा, साठ वॉटचा.
ती पारामारिबोहून आली तेव्हापासून
रोज रात्री जळतो.
मी घंटी वाजवली. जरा मालवाल का, म्हटलं.
"कशासाठी?"
सांगितलं सगळं, हातवारे करून.
तिने पदार्थाची चव घ्यावी तसं ऐकलं, म्हणाली,
"चार कोटी वर्षं थांबली ना ती?
मग अडीचपर्यंत थांबेल.
शर्विन काचघरातून अडीचला येतो."

कॅमेरा चालूच ठेवला. दव पडू लागलं.
भिंगावर बायकोचा केस वाळवायचा ड्रायर फिरवला,
पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजावर.
अडीच वाजून गेले. दहा मिनिटं. पंधरा.
मी आकाशाकडे बघत नव्हतो,
हे मला नंतर लक्षात आलं.
मग साखळीची खरखर, फाटक,
कुलपात दोनदा फिरलेली किल्ली.
दिवा गेला.
चारशे सतरा तसाच.
त्याच्याकडे कोणी यायचं नसतं.

सकाळी कुंपणावर पिशवी अडकवलेली,
आत सहा टोमॅटो, रात्रपाळीत पिकलेले.
एक मीठ लावून खाल्ला आणि चित्रं रचत बसलो.
दुपारपर्यंत ती वर आली:
बारीक, तिरपी,
अंगभर धुळीची एक काळी रेघ.
मी खुर्चीतून उठून उगाच घरभर फिरलो.
डाव्या कोपऱ्यात मात्र एक उबदार डाग,
अडीचच्या आधीच्या चित्रांतला.
तो पुसायला बटण असतं.
मी बोट नेलं, मग चहा ठेवला.

छापून कलावतीला नेऊन दिलं.
तिने चष्मा चढवला, सुईवरून नजर नेली,
कोपऱ्यावर थांबली.
"हा कुठला?"
तुमच्या मागच्या दाराचा, म्हटलं.
बराच वेळ तिने कागद उजेडात धरला.
"मंद झालाय," म्हणाली.
"बल्ब बदलून द्याल का?"

शिडी आणायला मी शेडकडे गेलो.